भुतं प्रलंबित आहेत

चहा घ्या, आणि मला एक सांगा. टीव्हीवर भुतांचा तपास करणारी ही मंडळी आधी दिवे का घालवतात? चोर शोधायला आलेला हवालदारसुद्धा टॉर्च घेऊन येतो. इथे तपास अधिकारी स्वतः मेन स्विच बंद करतो, हिरवट कॅमेऱ्यात डोळे विस्फारतो आणि काही दिसलं नाही की तेच पुरावा म्हणून दाखल करून घेतो.

मी काशीचा, ब्रह्माघाटाकडचा. पेशवाईपासून मराठी बिऱ्हाडं आहेत या गल्ल्यांत. मणिकर्णिकेवर रात्रंदिवस चिता जळतात, आणि तिथून चार पावलांवर माणसं निवांत चहा पीत असतात. अशा गावच्या माणसाला दार करकरलं म्हणून घाबरायला सांगतात. तेही जाहिरातीनंतर.

गुण नाहीत असं मी म्हणणार नाही. पहिली पाच मिनिटं ते वास्तूचा इतिहास सांगतात. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, हे घरातल्या पोरांना माझ्याकडून ऐकायचं नव्हतं; भुताकडून चाललं.

पण ते मीटर! विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजतं म्हणे. म्हणजे भिंतीतली वायर, खिशातला मोबाईल, सगळ्यांची सारखीच दखल घेणार. आमच्या गल्लीत डोक्यावर तारांचं जाळं होतं तेव्हा ते लावलं असतं, तर अख्खा मोहल्ला पिशाच्च ठरला असता. आणि मुंजा, हडळ, समंध, खवीस, गिऱ्हा या सगळ्यांची नोंद एकाच रकान्यात: ‘एनर्जी’. अहो, प्रत्येकाचा संवर्ग वेगळा, मुख्यालय वेगळं. मुंज्याला पिंपळ, गिऱ्ह्याला पाणी. जन्मभर वेद म्हटलेल्या समंधाला अंधारात इंग्रजीतून विचारतात, ‘आर यू हिअर?’ तो कशाला उत्तर देईल?

विलायतेत दाद मागून झाली. तिथल्या ‘मोस्ट हॉन्टेड’बद्दल तक्रारी गेल्या, तेव्हा ऑफकॉम या प्रसारण नियामकाने २००५ साली निर्णय दिला की, हा तपास नव्हे, मनोरंजन आहे. कार्यक्रम अर्थातच चालू राहिला.

माझी मूळ तक्रार मात्र निराळीच आहे. आमच्याकडे पिशाचमोचन कुंड आहे. अडकलेल्या जिवासाठी तिथे त्रिपिंडी श्राद्ध होतं, त्याच्या नावाचं नाणं पिंपळाला खिळ्याने ठोकतात, म्हणजे त्याचं देणं फिटलं. सगळं दिवसाउजेडी, दक्षिणेची घासाघीस धरून. प्रकरण निकाली. बनारस हिंदू विद्यापीठाच्या आयुर्वेदवाल्यांनी तर २०१९ च्या अखेरीस भूतविद्येचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम जाहीर केला. विषय मनोकायिक आजारांचा होता, पण निदान प्रवेश, कालावधी, प्रमाणपत्र असं काही रीतसर तरी होतं.

आणि ही टीव्हीवाली मंडळी? भुताला नाव विचारतात, कसा मेलास विचारतात, जबाब रेकॉर्ड करतात आणि उजाडताच गाडीत बसून निघून जातात. ना पिंड, ना पाणी, ना साधी पोचपावती. पुढच्या आठवड्यात दुसरा वाडा. पहिल्याचं भूत बिचारं तसंच प्रलंबित.

तुमच्या ओळखीत कुणी वाहिनीवाला असेल तर एवढा निरोप द्या: आजवर ज्यांचे जबाब घेतले, त्यांच्याबाबत पुढे काय कार्यवाही केली ते लेखी कळवावं. आणि पितृपंधरवड्याच्या आधी कळवावं. त्या दिवसांत पिशाचमोचनावर नंबर लागत नाही.