मोडीत न निघालेला कोयता

युद्धस्मृतींच्या बाजाराचा नियम सोपा आहे: वस्तू निकामी झाली की तिला भाव चढतो. १९७१ च्या युद्धात लढलेली विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’ २०१४ साली मुंबईत भंगारात निघाली आणि २०१६ मध्ये तिचं पोलाद बजाजच्या मोटारसायकलीत वितळून शोरूममध्ये देशभक्ती म्हणून उभं राहिलं. संग्राहक म्हणतात, आम्ही नसतो तर सगळं भट्टीत गेलं असतं. खरं आहे, पण ते वाचवतात तरी काय? बिल्ला, पदक, पलटणीचा शिक्का, म्हणजे सरकारने आधीच ओळख दिलेली वस्तू.

आणि ज्याला ही ओळख मिळालीच नाही, त्याचं काय? जपानने शरणागतीवर सही केली २ सप्टेंबर १९४५ ला. त्यानंतर पाचेक आठवड्यांनी, १० ऑक्टोबरला, तलासरीजवळ तलवाड्याला वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगडसह पाच जण गेले. ते युद्ध नव्हतं, असा आक्षेप येईल. कबूल. युद्धात बंदुका दोन्हीकडे असतात; इथे एका बाजूला फार तर काठ्या-कोयते. लिलावात मांडायचं तर तो कोयताच. पण पंचाईत अशी की डहाणू-तलासरीत तो अजून फांद्या तोडतो, कमरेमागे अडकवलेला असतो, आणि घेणारा त्याचा इतिहास विचारत नाही, आधी धारेवर अंगठा फिरवतो.