ठिपक्यांच्या गाडीचा वायदा

"काल रात्री तुमच्याकडे कोण गं एवढं कण्हत होतं?" अक्कांनी भिंतीपलीकडून विचारलं. मांडीवर कारखान्याची साडी, हातात कात्री. बोलताना त्यांचं धागे कापणं थांबत नाही. आमच्या दिंडोलीत हात थांबवून परवडतंय कुणाला!

"कण्हत नव्हतं हो, गात होतं. आमचे भाऊजी लावून बसतात. बडी गाय."

"गाय?"

"आडनाव आहे त्याचं. अमेरिकेतला काळा माणूस, गिटार वाजवतो. ब्लूज म्हणतात त्या गाण्याला. आपल्यासारखाच, कापसाच्या रानातला. लुइझियानात लेट्सवर्थ म्हणून खेडं आहे, तिथला 1936 चा जन्म. आईबाप दुसऱ्याचं रान वाट्यानं करायचे. पोरंही कापूस वेचायची, शंभर पौंडाला अडीच डॉलर."

"शंभर पौंड म्हणजे?"

"पंचेचाळीस किलो."

"ओ माय! अगं, बोंडाच्या टोकांनी नखाशेजारची कातडी सोलून निघते. शिंदखेड्याला मी वेचलाय ना. रात्री भाकरी कालवायला घेतली की तिखट झोंबायचं त्यात. म्हणून कण्हतो होय तो!"

हे मात्र भाऊजींच्या कुठल्याच व्हिडिओत मी ऐकलं नव्हतं.

"पण गिटार आणली कुठून?" अक्कांना पैशाचं आधी लागतं.

"कुठली गिटार! खिडकीला डासांची जाळी असते ना, तिच्यातल्या तारा उपसून लाकडाला ताणायचा. आईला कळेना, घरात डास शिरतात कुठून."

"बडवला असेल चांगला."

"पुढचं ऐका. 1957 ला शिकागोला निघाला. आई आजारी, लकवा झालेला. तिला म्हणाला, पैसे पाठवीन आणि ठिपक्याठिपक्यांची कॅडिलॅक घेऊन येईन. थाप होती, त्यालाही ठाऊक होतं. शिकागोत तर खायचे वांधे. शेवटी मडी वॉटर्स म्हणून तिथला मोठा गवई, त्यानं पाव-सलामी खाऊ घातली."

"मोठा माणूस, तरी विचारलं! आपल्या गल्लीत बघ, कोणाची चूल पेटली नाही तर..." इथं तिसऱ्या घराचा विषय पंधरा मिनिटं चालला. तो इथं लिहिण्यासारखा नाही.

"मग झाला श्रीमंत?"

"कुठं! चेस ही रेकॉर्ड काढणारी कंपनी त्याला दुसऱ्यांच्या गाण्यामागं वाजवायला बसवायची, त्याचा खरा दणका म्हणजे नुसता गोंगाट म्हणायची. दिवसा बंद पडलेल्या गाड्या ओढायच्या ट्रकवर काम. तिकडं विलायतेत एरिक क्लॅप्टनसारखी पोरं त्याचंच ऐकून मोठी झाली. याचं नाव झालं ते 1991 च्या रेकॉर्डनं, त्यावर ग्रॅमी मिळालं. पंचावन्न वर्षांचा झाला तेव्हा!"

"त्या वयात आमच्या ह्यांना मिलमधून घरी बसवलं."

"2012 ला व्हाइट हाउसमध्ये ओबामांना गायला लावलं त्यानं. आणि त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत आला होता, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, महिंद्रा ब्लूजचा जलसा पहिल्यांदा झाला तेव्हा."

"मेहबूब म्हणजे आपल्या बिलीमोऱ्याचा? 'मदर इंडिया'वाला?"

"तोच. नंतरही आला मुंबईला. भाऊजी फ्लाइंग राणी गाडीनं जाऊन आले 2023 ला. सांगतात, वाजवता वाजवता खाली उतरून लोकांत शिरतो म्हातारा."

"ते राहू दे. गाडी दिली का आईला?"

"नाही हो. 1968 ला गेली ती. म्हणून मग त्यानं गिटारच ठिपक्यांची करून घेतली. काळ्यावर पांढरे ठिपके, शर्टही तसलेच."

अक्कांनी कात्रीनं साडीचा पदर उलटून दाखवला. नेमके ठिपकेच. "असला माल चौदा गठ्ठे पडलाय शेठकडे, कोणी उचलत नाही. विचार तुझ्या भाऊजींना, त्याचा पत्ता आहे का."