ओळंबा

मिरजेतल्या एका दवाखान्याच्या आवारात आमची संशोधनाची जुनी इमारत वाढवायचं काम निघालं आणि पहिल्या पहारीच्या आवाजाला अण्णा हजर झाले. ठेकेदार नंतर आला. अण्णा बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर, मूळचे साताऱ्याचे, इथं मुलीकडं राहतात. नेमणूक कुणी केली नव्हती, त्यामुळं त्यांना काढायचं कसं हेही कुणाला कळेना.

"आमच्या साताऱ्यात पहार मारली की ठण्ण वाजते. तुमच्या काळ्या मातीत पहारच परत येत न्हाई," म्हणायचे. ठेकेदाराच्या माणसानं पाया दोन फूट आधीच थांबवला, तर टेप घेऊन खड्ड्यात उतरले. वर काढायला चार बिगारी लागले.

रुमालात गुंडाळलेला पितळी ओळंबा कायम खिशात. जुन्या दगडी भिंतीला नवीन भिंत घट्ट चिकटवायला निघालेल्या गवंड्याला त्यांनी रोखलं. "जुनी सासू आहे, बसायची तेवढी बसलीय. नवीन अजून बसायचीय. दोघींत फट ठेव, न्हाईतर तडा जाईल." नकाशातही जोडाला फटच होती, फक्त त्यात सासू नव्हती.

खरा भडका क्षयाच्या जंतूंच्या खोलीवरून उडाला. तिला खिडकीच नाही! "क्षयाचं काम आणि वारा न्हाई?" अण्णांचंही चुकत नव्हतं. डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत दवाखाना काढला. त्यांच्या नावाच्या वॉनलेसवाडीत क्षयाचं सॅनेटोरियम आलं, आणि 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडेपर्यंत मोकळी हवा हाच जगभर मोठा इलाज होता. पण वॉर्डात माणसं असतात. इथं तेच जंतू मुद्दाम वाढवायचे. पोरसवदा इंजिनिअरनं समजावलं: आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवायचा, म्हणजे वारा आतच ओढला जातो आणि बाहेर पडतो तो गाळणीतूनच.

अण्णा ऐकून निघून गेले. पंखे सुरू करून बघायच्या दिवशी मात्र आले ते ऑफिसातल्या गणपतीपुढची पेटती उदबत्ती घेऊन. खोली अजून रिकामीच होती. गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि बंद दाराच्या फटीशी उदबत्ती धरली. धुराची रेघ क्षणभर डोलली, मग वाकून सरळ आत गेली. दुसऱ्या कोपऱ्याशी धरली. तिथंही आत.

"हं," अण्णा म्हणाले. "बिल काढा ह्याचं."

बिल निघायला पुढं सात महिने लागले.