ग्रुपचे नाना

तापीच्या काठाकाठाने रावेर-यावलपासून चोपड्यावरून थेट धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरपर्यंत विखुरलेल्या केळी बागायतदारांना, ज्यांतील निम्म्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते, व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात गोळा करून त्यांचा कारभार हाकणारे जे वयोवृद्ध गृहस्थ खानदेशात गावोगाव आढळतात, त्यांना नाना म्हणतात. क्वचित आप्पा म्हणतात, परंतु दप्तर तेच. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले, त्यातही आपल्या ग्रुपाचा काही हिस्सा असावा, असा त्यांचा नम्र समज असतो.

प्रातःकाळी शिरपूरहून एक छायाचित्र येते, ज्यात पानापेक्षा अंगठाच अधिक स्पष्ट असतो. नाना चष्मा कपाळावर सारून मोबाईल नाकाशी नेतात आणि फर्मान सोडतात, "भाऊ, पानाची पाठ दाखव, मावा हाये का पाहू दे." दुसरे चित्र येते, पिवळे पट्टे दिसतात, आणि मध्ये दोन तालुके टाकून बसलेले नाना, ज्या झाडाला त्यांनी कधी हात लावलेला नाही त्याच्या देहान्ताचा हुकूम देतात: "सीएमव्ही हाये. उपटून पुरून टाक." निवाडा शास्त्रशुद्ध असतो, कारण सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक या विषाणूजन्य रोगाला औषध नाही आणि मावा तो शेजारच्या झाडावर नेल्यावाचून राहत नाही, तथापि उभे झाड उपटण्याची कोणाचीच छाती होत नसल्यामुळे लगोलग सात जण "कोणता स्प्रे घेऊ?" असे विचारतात, आणि आठवा गुलाबाच्या गुच्छासह सुप्रभात घालतो.

दोन निळ्या खुणांची पोच नानांना मंजूर नाही. मजकूर टाकला की ते एकेकाला फोन लावतात, "ग्रुपवर टाकेल हाये, पाहिलं का?" आणि समोरचा गाडीवर असल्यास तोच मजकूर त्याला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवतात. माझ्या मते ग्रुपाचे खरे ज्ञानदान या फोनांतच चालते. संदेश हे निव्वळ निमित्त.

रोगाविषयी इतकी मुक्तहस्त असलेली ही मंडळी भावाविषयी मात्र कमालीची मितभाषी. बऱ्हाणपूरच्या बाजारातला केळीचा भाव ग्रुपावर फिरतो. पण आपल्या बांधावर व्यापाऱ्याने प्रत्यक्ष काय मोजले, ते सख्ख्या भावालाही कळत नाही. परवा शिरपूरच्याच एका तरुणाने भर ग्रुपात विचारले, "नाना, तुमची नवती केळी काय भावानं गेली?" नानांनी तत्काळ, विहिरीवरच्या मोटारीच्या घरघरीसह पाच मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये, करप्यावरील फवारणीचे सविस्तर विवेचन केले.