सरकारी घोड्यावरून कलकत्ता

परक्या शहरात माणसाजवळ पैसे किती आहेत हे त्याच्या उभं राहण्यावरून कळतं. भरपूर असतील तर तो उभा राहतो आणि गाडी त्याच्यापाशी येते. बेताचे असतील तर गाडी जिथे थांबते तिथे त्यालाच जावं लागतं, आणि तो पोचेपर्यंत ती बहुधा सुटलेली असते. मी या दुसऱ्या पंथाची. त्यात एकटी. 'एकटीच चाललीस?' हे आपल्याकडे ज्या आवाजात विचारतात, त्या आवाजात एरवी 'रिपोर्ट आले का?' असं विचारतात. कलकत्त्याला निघाले तेव्हा शेजारच्या काकूंनी लाडूंचा डबा दिला आणि निरोप घेताना माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

खरं तर काळजी करायची तर ती कलकत्त्याची करायला हवी होती. मराठी माणूस तिकडे निघाला की शहराने सावध व्हावं, असा इतिहास आहे. १७४२ साली नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगालात उतरले आणि पुढची दहाएक वर्षं त्या स्वाऱ्या चालू राहिल्या. त्यात गावंच्या गावं होरपळली. मिरवावं असं त्यात काही नाही. बंगालीत आपल्या स्वारांना 'बर्गी' म्हणतात, आणि त्यांची भीती घालून मुलांना निजवायची अंगाई तिकडे अजून म्हटली जाते. घाबरलेल्या कलकत्त्याने तेव्हा शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा. तीनेक मैल खणून झाला, पण मराठे तिथवर आलेच नाहीत. अर्धवट खंदक पुढे बुजवला आणि त्यावरून रस्ता गेला. बागबाजारात 'मराठा डिच लेन' नावाची एक गल्ली आहे, ती त्याचीच आठवण.

त्या स्वारांबद्दल मला एका बाबतीत जवळीक वाटते. त्यांच्यातल्या पुष्कळांचा घोडा स्वतःचा नसे, सरकारी असे. मीही सरकारी घोड्यावरूनच निघाले : स्लीपर क्लास, साइड अपर. गाडीही नागपूरवरूनच गेली.

हावडा स्टेशनाबाहेर पडलं की टॅक्सीवाले आपल्याला घेरतात. त्यांच्या मधून वाट काढून डाव्या-उजव्या बाजूला न पाहता सरळ नदी गाठावी. तिथे फेरीचा धक्का आहे. चहाच्या पैशांत ती पलीकडच्या काठाला नेते. २०२४ पासून नदीखालून मेट्रोही जाते आणि पाऊण मिनिटात हुगळी पार करते; पण पाऊण मिनिटात पार होण्यासारखी ती नदी नाही. बोटीतून हावडा पूल डोक्यावर येतो. १९४३ मध्ये रहदारी सुरू झालेल्या या पुलाला सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलाद लागलं. नट-बोल्ट नाहीत, सगळे रिव्हेट. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत उभा राहिलेला हा पूल युद्धाला पुरून उरला, पण पान-गुटख्याच्या पिचकाऱ्यांपुढे त्याचं काही चालेना. खांबांचे तळ गंजायला लागले, तेव्हा त्यांना फायबरग्लासची आवरणं घालावी लागली. हे मला बोटीतल्या एका गृहस्थांनी अभिमानाने सांगितलं. सांगून झाल्यावर ते कठड्याशी गेले आणि नदीत थुंकले.

उतरायला सडर स्ट्रीट. म्युझियमच्या बाजूने जाणारी ही गल्ली पाठीवर सॅक लावून फिरणाऱ्यांची पंढरी आहे. इथल्याच दहा नंबरच्या घरात रवींद्रनाथ तरुणपणी काही दिवस राहत होते. एके सकाळी गल्लीच्या टोकाच्या झाडांमागून सूर्य वर येताना त्यांनी पाहिला, डोळ्यांवरचा पडदा सरकल्यासारखं त्यांना झालं, आणि 'निर्झरेर स्वप्नभंग' ही कविता जन्माला आली. मीही पहाटे उठून माझ्या खोलीच्या खिडकीवरचा पडदा सरकवला. बाहेर दुसरी खिडकी होती आणि तिच्यात एक जण दात घासत होता. आम्ही एकमेकांना नमस्कार केला. भाड्याच्या मानाने हा साक्षात्कार पुरेसा होता.

एकट्या माणसाचं पहिलं संकट म्हणजे जेवण. चौघं असली की चार पदार्थ मागवून वाटून घेता येतात. एकट्याने एक मागवावा तर दुसऱ्या टेबलावरचा बरा दिसतो. याच्यावर कलकत्त्याने फार पूर्वीच तोड काढली आहे : पाइस हॉटेल. पैशा-दोन पैशांत पोट भरायचं त्या काळातल्या या खाणावळी. कॉलेज स्ट्रीटजवळच्या एका गल्लीतलं 'स्वाधीन भारत हिंदू हॉटेल' त्यांतलं नामांकित. इथे आख्खी थाळी घ्यायची सक्ती नाही. भात वेगळा, डाळ वेगळी, माशाचा प्रत्येक तुकडा वेगळा. केळीच्या पानाचे पैसे वेगळे, लिंबाच्या फोडीचेही वेगळे. फळ्यावर खडूने लिहिलेली बंगाली यादी मला वाचता येईना, म्हणून वाढप्याने ती तोंडी म्हटली. राजधानी एक्सप्रेस छोट्या स्टेशनांवरून जाते तशी ती गेली. मला फक्त शेवटची चटणी ऐकू आली. तेव्हा शेजारच्या पाटावरच्या, म्हणजे बाकावरच्या, अनोळखी आजोबांनी माझं जेवण स्वतःच्या ताब्यात घेतलं. आधी शुक्तो, म्हणजे भाज्यांचं कडवट कालवण. मग डाळ आणि भाजा, म्हणजे तळण. मासा त्यानंतर. चटणी सर्वांत शेवटी, मध्ये हात लावायचा नाही. मी पापड आधी मोडला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर शांतपणे दुःख पसरलं. बरोबर कुणी असतं तर मी त्याच्याशी बोलत बसले असते आणि शुक्तो चटणीनंतर खाल्लं असतं.

बसमध्येही माझी काळजी अनोळखी माणसंच घेत. खाजगी बसचा कंडक्टर बोटांमध्ये नोटांच्या उभ्या घड्या धरून, पत्र्यावर थापा मारत गाड्या हाकतो. बस थांबते असं म्हणणं धाडसाचं होईल. ती थांबण्याचा विचार करते, तेवढ्यात पुरुष उतरतात. पण बाई उतरायला निघाली की कंडक्टर आरोळी ठोकतो : 'आस्ते लेडीज!' आणि ती अवजड गाडी खरोखर उभी राहते. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यासाठी इतकी मोठी वस्तू कुणी थांबवली नव्हती. मुक्कामाच्या अलीकडेच उतरून पुन्हा चढावं असा मोह होई. ट्रामची गोष्ट उलटी. १८७३ मध्ये ती घोड्यांनी ओढली, १९०२ पासून विजेवर चालते, आणि तिला कसलीच घाई नाही. आता तिचे मोजकेच मार्ग उरलेत. नोकरदारांना ती परवडत नाही, कारण तिला वेळ फार लागतो. माझ्याकडे तेवढाच भरपूर होता.

दुपारचं ऊन टाळायला कॉलेज स्ट्रीटवरचं कॉफी हाउस. जुन्या अल्बर्ट हॉलमधल्या उंच छताखाली तुरेवाल्या पगड्या घातलेले वेटर फिरत असतात. हे कामगारांची सहकारी संस्था चालवते, आणि उठा म्हणायची त्यांच्यात पद्धत नाही. काळी कॉफी मागायची तर 'इन्फ्युजन' म्हणायचं. एका कपावर माणसं मार्क्सपासून मोहन बागानपर्यंत जाऊन परत येतात. जागा नसल्याने माझ्यासमोर एक वयस्क प्राध्यापक येऊन बसले. कुठून आलात? महाराष्ट्रातून. ते जोरात हसले आणि म्हणाले, 'बर्गी!' आजीने त्यांना आमच्याच नावाने निजवलं होतं. मग त्यांनी बंगालच्या तेव्हाच्या नवाबापासून, अलीवर्दीखानापासून, सुरुवात केली. मी एकटी फिरते याचं त्यांना विशेष वाटलं नाही. काळजी वाटली ती माझ्या पोटाची. पित्त होतं का, पाणी कुठलं पिता, संध्याकाळी कानाला वारा लागू देता का? बंगाली माणसाची माया आधी पचनसंस्थेपाशी पोचते. उठताना माझ्या कॉफीचे पैसे त्यांनीच दिले. १७५१ च्या तहात अलीवर्दीखानाने दरसाल बारा लाखांची चौथाई कबूल केली होती. त्या मानाने इन्फ्युजनचा एक कप काहीच नाही, पण एवढ्या वर्षांनी वसुली झाली हेही नसे थोडके.

हे सगळं फिरून झाल्यावर एक हिशेब माझ्या ध्यानात आला. शहराने जे स्वतःसाठी केलेलं असतं ते स्वस्त असतं. पाहुण्यांसाठी केलेलं महाग. फेरी, ट्राम, मातीच्या भांड्यातला चहा, पाइस हॉटेलातली लिंबाची फोड, यांतलं काहीही मला दाखवण्यासाठी मांडलेलं नव्हतं. रोज कामाला जाणाऱ्याला, मेसला कंटाळलेल्या विद्यार्थ्याला, मंडईतून टोपली घेऊन निघालेल्या बाईला परवडावं म्हणून ते तसं होतं. बटवा हलका म्हणून मी त्यांच्या रांगेत उभी राहिले, आणि एकटी म्हणून रांगेतल्यांनी मला बोलतं केलं. व्हिक्टोरिया मेमोरियलला मी बागेचं तिकीट काढलं, कारण ते आतल्या दालनांपेक्षा स्वस्त. आतली तैलचित्रं राहिली. बाहेर मात्र अर्धं तरुण कलकत्ता छत्र्या आडव्या धरून आपापलं प्रेम सांभाळत बसलेलं होतं, आणि १९२१ साली उघडलेल्या त्या संगमरवरी इमारतीकडे एकही जण पाहत नव्हता. राणीपेक्षा हे जास्त जिवंत.

गरिबीतलं सगळंच गोड असतं असं मात्र कुणी सांगू नये. दमट उकाड्यात पंखा चार आकडे मोजून एकदा फिरतो तेव्हा सगळं तत्त्वज्ञान घामाबरोबर वाहून जातं. आणि माझी काटकसर हौसेची होती, परतीचं तिकीट बटव्यात होतं. हातरिक्षा ओढणाऱ्याची काटकसर त्या जातीची नसते. ते शहर स्वस्त राहतं त्यात कुणाचे तरी पाय झिजत असतात, हेही त्याच रांगेत उभं राहिल्यावर दिसतं.

आता मुंबईत कुणी पाहुणे आले आणि काय पाहू म्हणाले, की मी उत्साहाने सांगते : भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडा, पलीकडे मोऱ्याला जाऊन या. बेस्टच्या बसमध्ये खिडकी मिळवा आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जा. गिरगावात एखादी खाणावळ शोधा, शेजारचा काय खातोय ते विचारा. पाहुणे मनापासून ऐकतात, मान डोलावतात, टॅक्सी करून गेटवेला जातात, आणि संध्याकाळी येऊन सांगतात, तुमची मुंबई बाई फार महाग.