मीटर पाडून बोला

नको असलेला फोन आला की माणूस तो कापतो, खेकसतो किंवा "मीटिंगमध्ये आहे" असं अंथरुणातून सांगतो. इंग्लंडात लीड्सजवळ राहणाऱ्या एका गृहस्थाने २०११ मध्ये चौथी वाट काढली. दहा पौंड अधिक कर भरून त्याने ०८७१ पासून सुरू होणारा नंबर घेतला. त्यावर फोन करणाऱ्याला मिनिटाला दहा पेन्स पडत आणि त्यातले सात या पठ्ठ्याच्या खिशात जात. बँक असो की वीज कंपनी, फॉर्मवर तो हाच नंबर लिहायचा. कुणी कारण विचारलंच, तर खरं ते सांगायचा.

आणि स्वभाव पालटला. पूर्वी ऐन मालिकेच्या वेळी फोन वाजला की वैताग यायचा. आता विक्रेत्याला तो घाई करू देईना. जरा सविस्तर सांगा ना, आणखी काय काय योजना आहेत? काम घरूनच असल्यामुळे वेळेला तोटा नव्हता. २०१३ मध्ये बीबीसीने ही हकिकत सांगितली तेव्हा कमाई तीनशे पौंडांपर्यंत पोचली होती. पण महिन्याला वीस-तीस येणारे फोन तेरावर घसरले होते. अशा नंबरांच्या नियामक संस्थेनेही नाक मुरडलं. पण खरी पंचाईत गिऱ्हाईक आटल्याची!

ईमेलसाठी असाच विचार सिंथिया ड्वॉर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ मध्येच मांडला होता. पैसे नकोत, पाठवणाऱ्याच्या संगणकाला प्रत्येक पत्रामागे एक गणित सोडवायला लावा. भाच्याला एक मेल धाडणाऱ्या मामाला त्याचा पत्ताही लागणार नाही, लाखोंनी जाहिराती सोडणाऱ्याचं यंत्र मात्र मेटाकुटीला येईल. १९९७ मध्ये ॲडम बॅक यांनी याच धर्तीचं 'हॅशकॅश' काढलं. २००४ मध्ये दाव्होसला बिल गेट्स यांनीही गणित आणि टपालखर्च हेच उपाय सांगून दोन वर्षांत स्पॅम संपेल, अशी ग्वाही दिली.

स्पॅम हे भाषण ऐकायला थांबला नाही. गणित मात्र बिटकॉइनवाल्यांनी उचललं आणि त्यापायी आज गोदामंच्या गोदामं वीज खातात.

२०१२-१३ च्या सुमारास फेसबुकने अनोळखी माणसाच्या इनबॉक्सात शिरायला दर लावून पाहिला. साध्या माणसाकडे जायला एक डॉलर, खुद्द मार्क झुकरबर्गकडे शंभर. अर्थात गल्ला फेसबुकचा. ज्याच्या डोक्याशी कटकट, त्याला छदामही नाही.

आपल्याकडेही दूरसंचार नियामक ट्रायने २०१२ मध्ये दिवसाला शंभरांपुढच्या प्रत्येक एसएमएसला किमान पन्नास पैसे लावले. २०२० मध्ये तो दर काढून टाकला. तोवर सोसायटीतल्या काकांचा गुलाबाच्या फुलासकटचा 'शुभ सकाळ' व्हॉट्सॲपवर मुक्कामाला गेला होता. तिथे तर तो फुकट, आणि तो वाचला गेल्याच्या निळ्या खुणा काका स्वतः मोजतात.