ऊन लागतं ते ख्यालाला

मे महिन्याची दुपार, पारा 44 वर, आणि जुनवानी रोडवरून वरात निघते. पुढे गाडीवर धुमाल: बेंजो, पॅड, ढोल, साथीला दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्यांच्या काचा. सुटाबुटातला नवरदेवाचा मामा डांबरावर लोळून नागीण नाचतो. त्याला काही होत नाही. ऊन लागतं ते ख्यालाला. म्हणून आमच्या स्मृति नगरात होळीनंतर गाण्याची बैठक होत नाही. 1959 पासून भट्टीसमोर उभं राहून लोखंड वितळवणाऱ्या भिलाईला उन्हाळ्यातल्या रात्री सतरंजीवर बसवत नाही म्हणे!

तसं मराठी रसिकाचं लग्नच थंडीशी लागलेलं आहे. भीमसेनजींनी 1953 साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरात येतो. त्यामुळे पुणेकराला शाल, थर्मास आणि किराणा घराण्यावरचं मत ही तिन्ही एकदमच बाहेर काढता येतात. तिथे गाण्यासाठी कोण आलंय आणि शालीसाठी कोण, हे ओळखणं महाकठीण.

उन्हाळ्यात ते चटकन कळतं. त्यासाठी बनारसला जावं. आमच्या शेजारच्या दुर्गहून सारनाथ एक्सप्रेस थेट जाते. स्लीपरचं तिकीट काढलं की शालवाले आपोआप गळतात. हनुमान जयंतीच्या सुमाराला संकटमोचन मंदिरात रात्र-रात्र गाणं चालतं, 1923 पासून. ऐकणाऱ्याला तिकीट नाही. आणि गाणाराही बिदागीचा हिशेब घालत नाही, देवापुढे हाजिरी लावायला येतो. आपण गमछा ओला करून मानेवर टाकायचा आणि मिळेल तिथे बूड टेकायचं. फरशी मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. पहाटे अडीचला तबलजी तिहाई घेतो आणि शेजारचा पान चघळणारा गृहस्थ माझ्याआधी समेवर मान टाकतो. माझी मांडी बधिर, त्याची मात्रा शाबूत! टाळ्या इथे दुय्यम; दाद म्हणजे ‘हर हर महादेव’चा गजर. तो उठला की झोपलेला रसिक जागा होतो आणि आपण जागेच होतो असा चेहरा करतो. (ही कला मात्र पुण्या-बनारसला सारखीच.)

2015 च्या एप्रिलात याच देवळात पाकिस्तानचे गुलाम अली गायले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईत षण्मुखानंदमधला त्यांचा कार्यक्रम शिवसेनेच्या विरोधामुळे रद्द झाला. मारुतीरायाला चालले, मुंबईला नाही. 2020 मध्ये टाळेबंदीमुळे संकटमोचनचा महोत्सव ऑनलाइन करावा लागला, तर नव्वद वर्षांचे जसराज अमेरिकेतून गायले. आमच्याकडे मात्र हॉलचा एसी बिघडला की संगीतसभा पुढे ढकलतात.

बनारसहून परतल्यावर अंगात आलं. आमच्या नगरातल्या मंडळात प्रस्ताव मांडला: मे महिन्यात, रात्री, मोकळ्या मैदानात एक बैठक करू. गवई आणायला मुंबईची विमानं नकोत. दीड-दोन तासांवर खैरागढला 1956 पासून संगीत विद्यापीठ आहे.

‘‘पण साहेब, रात्री दहानंतर लाऊडस्पीकर चालत नाही. कायदा आहे.’’

‘‘मग लाऊडस्पीकर नको. पन्नास माणसं, दोन तानपुरे.’’

‘‘पन्नासच आली तर प्रायोजकाला काय दाखवायचं?’’

हा मुद्दा बिनतोड होता. प्रायोजकाला मालकंस दाखवता येत नाही, बॅनर दाखवता येतो. आणि रात्रीच्या अंधारात बॅनर दिसत नाही. तरी मी चिकाटीने विचारलं, की गेल्या महिन्यात तुमच्याच गल्लीत धुमाल रात्री साडेबारापर्यंत वाजत होता, तेव्हा कायदा कुठे गेला होता?

‘‘ते घरचं कार्य होतं,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘लोकांच्या भावना असतात.’’

म्हणजे भावना धुमालला असतात, रागांना नसतात. एका काकूंनी सुचवलं, सकाळी सहाला भैरव ठेवू या, हवा थंड असते. त्यावर कार्यकारिणीत अशी शांतता पसरली की कुलरमधलं पाणी टपकताना ऐकू आलं. सकाळी सहाला उठणारे सभासद मॉर्निंग वॉकला जातात आणि उरलेले उठतच नाहीत, असं निष्पन्न झालं.

शेवटी ठराव एकमताने मंजूर झाला: डिसेंबरात हिंदी फिल्मी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, जेवणाच्या कुपनांसह. माझी निवड कुपन समितीवर झाली आहे.